बकरीनं नापास केलेला पाला

"उतरव तो गंज चुलीवरून! खबरदार एक घोट घेशीन तं!"

आत्या अंगणातून अशी कडाडली, की वडनेरच्या स्टँडवरची बस कंडक्टरला न घेताच सुटली असणार. खोकल्याच्या काढ्यासाठी मी कुंपणावरून तोडून आणलेल्या अडुळशातली उरलेली पानं तिची बकरी पेढ्यासारखी चघळत होती.

त्या संध्याकाळी जयंतीच्या मंचावर पहिलं गीत माझं होतं. आणि तीन दिवस मी असा खोकत होतो, की शेजाऱ्यांच्या टिनांचे खिळे ढिले झाले होते. माझ्या जागी गायला एक गडी सकाळपासूनच नवा सदरा घालून बसला होता.

"काऊन, काय झालं?" मी खोकत खोकत विचारलं.

"अडुळशाले बकरी तोंड लावत नाही. हे तं खाऊन राह्यली. काय आणलं बे तू?"

"आत्या, मले झाडं कळतात."

"बकरीले जास्त कळतात."

आत्याची नात रसायनशास्त्रात बी.एस्सी. करते. ती दारातूनच म्हणाली, "काका, अडुळशात व्हॅसिसिन असते. कडू लागते, पण कफ सुटते त्याच्यानं. मेडिकलमधली कफाची गोळी त्याच्यावरूनच बनवली. पण आजी, पाला ओळखाले बकरी म्हणजे काही लॅब आहे का?"

"तुह्या कॉलेजात बकरी हाय का?"

"नाही."

"मंग?"

आत्या स्वतः कुंपणाशी गेली, मूठभर पानं आणली आणि बकरीपुढं धरली. बकरीनं हुंगलं आणि लग्नात मान न मिळालेल्या व्याह्यासारखं तोंड फिरवलं.

"हा घे. पास."

मी आणलेला पाला कशाचा होता, ते बकरीला विचारायचं राहूनच गेलं. आत्यानं नवी पानं आलं घालून उकळली, वर मध घातला. तरी काढा इतका कडू, की भिंतीवरच्या फोटोतल्या माझ्या आज्यानंही तोंड वाकडं केलं. दुपारपर्यंत दोन पेले झाले. मग कफ असा सुटला, जसा धरणाचा दरवाजा उघडावा.

संध्याकाळी मी गायलो. आवाज जळगाव जामोदपर्यंत गेला, सातपुड्यानं दोनदा वन्स मोअर दिला. नव्या सदऱ्यानंही टाळी वाजवली, एकाच हातानं का होईना.

कार्यक्रम संपल्यावर आत्या खुर्च्या गोळा करत होती. मी छाती काढून तिच्यापुढं उभा राहिलो. "आत्या, कसं झालं गाणं?"

"खोकला नाही आला," ती म्हणाली.