वीस मिनिटांवरचा मुलगा

गुनवोरनं वार्डोच्या मासळी कारखान्यात कॉड चिरण्यात उभा जन्म काढला. नवरा समुद्रावरून परतला नाही तेव्हा हाल्वार पोटात होता. त्याला तिनं एकटीनं वाढवलं. म्हातारपणी बर्फावर पाय घसरून तिचा खुबा मोडला आणि हाल्वारला तेवढं निमित्त पुरलं.

"किर्केनेस म्हणजे काही परदेश नाही, आई," तो म्हणाला. "रस्त्यानं अख्ख्या खाडीला वळसा पडतो, ते सोड. विमानानं ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. वीस मिनिटांत तुझ्यापुढं हजर!"

किर्केनेसच्या वृद्धाश्रमात तो वार्डोहून दोनदा आला. मग वारा आडवा यायला लागला. कधी वादळ, कधी धुकं, कधी विमानच रद्द. गुनवोर फोन कानाला धरून ऐकून घ्यायची आणि खिडकीतून वार्डोकडून आलेलं विमान उतरताना बघायची.

शेवटी एका सकाळी तिनं लोणी-साखर लावून लेफसेच्या पोळ्या दुमडून डब्यात भरल्या, काठी घेतली आणि कुणाला न सांगता विमानतळ गाठला.

ती हवेत असतानाच आश्रमातल्या सिनोवेनं हाल्वारच्या फोनवर निरोप ठेवला होता. गुनवोर वार्डोला उतरली तर तो विमानतळाच्या दारातच उभा.

"टोपी कुठंय रे तुझी? कान बघ, लाल झालेत."

"कुणाला विचारून निघालीस?"

"स्वतःच्या घरी यायला कुणाला विचारू?"

"घर विकलं, आई. तिथं दुसरे लोक राहतात."

गुनवोर खिडकीकडं वळली. काचेतून सामुद्रधुनीपलीकडं वार्डोची घरं दिसत होती.

"मग तुझ्याकडं जाऊ."

"पाहुणे आलेत. हेच विमान बोट्सफ्योर्डला जाऊन लगेच मागं येतं. तुझं परतीचं तिकीट काढलंय."

"समुद्राखालच्या बोगद्यातून गावात एक चक्कर तरी मार. गाडीतून उतरणार नाही मी. नुसतं बघते."

"आल्या आल्या हट्ट नको." तिनं पुढं केलेला डबा त्यानं परत तिच्या पिशवीत कोंबला. "हे तूच खा. आमच्याकडं कुणी खात नाही आता."

विमान येईपर्यंत तो बाहेर गाडीत जाऊन बसला.

परतल्यावर सिनोवेनं विचारलं, "भेटला का मुलगा, आजी?"

"वारला तो," गुनवोर म्हणाली.

तिनं सगळ्यांना तेच सांगितलं. जेवणाच्या टेबलावर बायकांनी तिचे हात हातात घेतले, पाद्रीबुवांनी मेणबत्ती लावली. तेव्हा ती रडली आणि ते रडणं खोटं नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

मग हाल्वारचाच फोन आला. सिनोवेनं अडखळत काय झालं ते सांगितलं. तो मात्र चिडला नाही, उलट त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. "मी म्हणत नव्हतो, डोकं ठिकाणावर नाही तिचं? आता एकटीला सोडू नका."

डॉक्टर आले. "गुनवोर, तुमचा मुलगा जिवंत आहे, हो ना?"

"तुमच्यासाठी असेल."

डॉक्टरांनी सिनोवेकडं बघून मान हलवली. त्याच संध्याकाळी गुनवोरचं सामान मागच्या भागात हलवलं. तिथली दारं बाहेरून बंद होतात आणि खिडकीतून फक्त वाहनतळ दिसतो. सिनोवेनं तिची पादत्राणं काढून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"माझं डोकं शाबूत आहे गं, पोरी," गुनवोर म्हणाली.

"हो आजी, आहे ना," सिनोवे लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली आणि दिवा मालवून गेली.