एका ओळीत लावलेली बटणं

इचलकरंजीहून निघाले तेव्हा मी रडले नाही. थोरल्या जाऊबाई रडल्या. गाडीचं दार धरून म्हणाल्या, "आता राणीच्या देशात राणीसारखी बसून खा." ते दोन हजार चार साल. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि मुलगा संजय नॉटिंगहॅमला हॉस्पिटलात नोकरीला होता.

जाऊबाई, बसून खाणं मला जमलं नाही. चौथी शिकले आणि पुढे तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. इथे सून मंजिरी चहा हातात आणून देई. माझ्या हातून कप फुटला तरी, "नो प्रॉब्लेम, आई." मी खिडकीपाशी जायची, जिना चढायची, परत उतरायची. दोन महिन्यांत सांगून टाकलं, मला परत पाठव. संजय म्हणाला, "समरपर्यंत थांब, मग तिकीट काढतो."

तोवर मागच्या रस्त्यावरच्या स्टुडिओत क्लीनिंगचं काम धरलं. मालक लेनार्ट, स्वीडनचा. तरुणपणी रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. भिंतीवर फोटो होता, केस कमरेपर्यंत, अंगात शर्ट नाही. बँड मोडला तसा इंग्लंडला आला आणि दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून देऊ लागला. त्याला प्रोड्यूसर म्हणतात. त्यातही जीव रमेना, म्हणून पन्नाशीत, टक्कल पडल्यावर, सिनेमाला संगीत द्यायला निघाला होता. पहिलाच सिनेमा. गिटार का सोडली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तर म्हणाला, "एका जागी उभं राहून कंटाळलो." मला पटलं.

तिथे जेवणाच्या टेबलाएवढं मशीन होतं. त्यावर वर-खाली सरकणारी बटणं, कुठलंच कुणाच्या ओळीत नाही. कारखान्यात सुट्टी झाली की कांड्या एका ओळीत लावून निघायचं, ही माझी सवय. एका शुक्रवारी पुसता पुसता मी सगळी बटणं एका रेषेत आणली. देखणं दिसलं.

सोमवारी लेनार्ट डोकं धरून बसला होता. बटण कुठे आहे त्यावर ते वाद्य किती मोठं वाजणार हे ठरतं. तीन आठवडे खपून त्याने कानाने त्या जागा ठरवल्या होत्या आणि त्याच आठवड्यात संगीत द्यायचं होतं.

"कोणी हात लावला?"

"मी."

मग तो ओरडला. आधी इंग्रजीत, ते पुरेना तेव्हा स्वीडिशमध्ये. मी एप्रन काढून निघाले.

"कुठे चाललीस? बस इथे. लिही."

चार दिवस तो कानाने एकेक बटण लावत गेला, आकडा सांगत गेला आणि मी वहीत लिहीत गेले. शेवटी त्याने वही पाहिली. "हे काय आहे?"

"आकडे. मराठी. मला तेच भराभर येतात."

"कोणाला वाचता येतात?"

"या गल्लीत मला."

पुन्हा स्वीडिश. मग हसत सुटला. "म्हणजे आता तुला कामावरून काढताही येत नाही!" संगीत वेळेत गेलं. पुढे त्याला दुसरा सिनेमाही मिळाला.

पण त्या सोमवारी घरी चालत येताना मला बरं वाटत होतं. शिव्या खाऊन बरं वाटतं म्हणजे काय, याची लाजही वाटली. मग कळलं, या देशात आल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलंच नव्हतं. पाहुण्यावर कोण ओरडतं?

मंजिरीला सांगितलं, "चुकलं तर बोलत जा मला."

"अहो आई, असं कसं बोलू?"

महिनाभर बोलली नाही. मग एका रविवारी मी तिचा नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीने घासला, मुद्दाम नव्हे. ती किंचाळली, "आई! किती वेळा सांगितलं तुम्हाला! नवा तवा होता!" बोलून झाल्यावर तिनेच तोंडावर हात ठेवला. संजय जागचा उठला.

मी त्याला म्हटलं, "तिकीट काढू नकोस."

जाऊबाई, तुम्ही फोनवर विचारता, तिथे घरासारखं वाटतं का. दुपारी अजून जिन्यावर येरझाऱ्या घालते, खोटं कशाला सांगू? पण तुमच्यासारखं माझ्याशी भांडणारं माणूस आता इथेही आहे. मी त्यालाच घर म्हणते.