गाठ मारलेलं शेपूट

आमच्या पंजीकंद शहरात वखुशक सोनारासारखे घोडेस्वार कुणीच घडवत नसे. चांदीच्या ताटात त्याचा वीर भरधाव घोड्यावर मागे वळून धनुष्याचा असा नेम धरी, की जेवणारा नकळत बाजूला सरके. खरा घोडा गल्लीत शिरला, की मात्र वखुशक स्वतः दुकानात शिरे. लहानपणी लाथ बसली होती म्हणे. त्याची बायको झीमत सांगे, ‘‘यांना कुठली? बसली शेजाऱ्याला. यांनी नुसती पाहिली.’’

मग घोडा घडवायचा कसा? बापाच्या ताटावरून. बापानं आज्याच्या ताटावरून. गिऱ्हाइकं सगळी लढवय्यी, कुणाची तक्रार नव्हती.

आता नशीब बघा. त्याची लेक शायन मागितली ती डोंगरापलीकडच्या मनाकनं, आपल्या मुलासाठी. मनाकचा धंदा घोडे पैदा करण्याचा. वखुशकनं हौसेनं व्याह्यांना ताट पाठवलं. ते घेऊन मनाक घोडीवरून थेट दारात हजर.

‘‘व्याहीबुवा, लग्न करायचंय की लढाई?’’

‘‘का हो?’’

‘‘शेपटाला गाठ मारलीय! आमच्याकडे रणात उतरताना शेपूट बांधतात. ताट बघून आमची म्हातारी रडायला लागली, भाऊबंद तलवारी पुसायला बसले. हे शेपूट मोकळं झालं नाही, तर सोयरीक मोडली समजा.’’

वखुशक ताटाकडे बघतच राहिला. ‘‘ती गाठ आहे? मला वाटलं, शेपूट असंच उगवतं.’’

‘‘सात पिढ्यांत एकानं घोडा मागच्या बाजूनं पाहिला नाही,’’ झीमत कडाडली, ‘‘आणि माझी पोर बसणार बिनलग्नाची!’’

शेपूट वेगळं ठोकून ताटावर खाचेत बसवलेलं होतं, त्यामुळे काढता येत होतं. पण मोकळं शेपूट बापाच्या कुठल्याच ताटात नव्हतं. मनाकनं घोडी वळवून तिचं शेपूट वखुशकसमोर केलं. शायन दारात ओठ चावत उभी. वखुशक भिंतीला घासत घासत, हातोडी छातीशी धरून निघाला.

‘‘हातोडी कशाला? घोडी चांदीची नाही!’’ मनाक म्हणाला.

घोडीनं शेपटानं माशी झटकली आणि वखुशकची भीती कुठल्या कुठे गेली.

‘‘अहो, माशी इकडे आणि फटका तिकडून कसा? आत हाड कुठवर आहे? वाऱ्यात केस सगळे एकदम उडतात की मागेपुढे?’’

बघता बघता कोपरापर्यंत हात शेपटात.

‘‘वहिनी, आवरा यांना,’’ मनाक कळवळला. ‘‘घोडी लाजायला लागलीय.’’

नवं शेपूट बसलं, तेव्हा त्यातून वारा वाहताना दिसत होता. मनाकनं ताट उजेडात फिरवून फिरवून पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला पुन्हा आठी पडली.

‘‘शेपूट झालं हो. पण हे ताणलेलं धनुष्य?’’

वखुशकनं पुन्हा हातोडी उचलली. झीमत पुढे झाली.

‘‘ते राहू दे, दादा. सुनेला माहेर आहे, एवढं तुमच्या भाऊबंदांच्या लक्षात राहील.’’

मनाक खदाखदा हसला आणि घोडीचं खोगीर उतरवून जेवायला बसला.