पिवळ्या घराचा राखणदार

मला असली सोंगं सोसत नाहीत. मुळशीच्या डोंगरात, तळ्याकाठी, इटलीतल्या कुठल्याशा बंदराच्या गावासारखी रंगीत घरं बांधून ठेवलीत. निम्म्यांना अजून गिऱ्हाईक नाही, खिडक्यांत कबुतरं नांदतात. तरी मारुंजीतल्या भाड्याच्या खोलीला कंटाळलो की रविवारी मी तिथंच जायचो, ते देवूदादासाठी.

देवूदादा तिथला वॉचमन. पन्नाशी उलटलेला, काटक, आणि इतका भाबडा की ऐकणाऱ्याला राग यावा. वसाहत व्हायच्या आधी तिथं त्याची वाडी होती. जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थ होता त्याचा सख्खा मामा, हैबतराव. "तुझ्या उंबऱ्याच्या जागी जे घर उभं ऱ्हाईल, त्ये तुझं," मामा म्हणाला, आणि देवूदादानं अंगठा उठवला. त्या जागी पिवळं घर उभं राहिलं. दर दिवाळीला मामा सांगायचा, थोडं थांब, कागदं व्हायचीत. बायको गंगू खाली घोटावड्यात पत्र्याच्या खोलीत राहून कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची आणि देवूदादा इकडं पिवळ्या घराचं अंगण रोज झाडायचा. पायरीवर डब्यात तुळससुद्धा लावली होती. येईल त्याला म्हणायचा, "ह्ये आमचं."

गेल्या रविवारी माझ्याबरोबर ब्रूनो होता. आमच्या ऑफिसात काही महिन्यांसाठी अर्जेंटिनाहून आलेला, पण नाव, नाक, हातवारे सगळं इटालियन. ती घरं बघून तो आधी हसला, मग भिंतींना हात लावून बघू लागला. देवूदादानं चहा दिला. ब्रूनो बोलत गेला, मी मराठीत सांगत गेलो.

त्याचा पणजोबा अशाच एका बंदरातला. पोट भरेना म्हणून बोटीत बसून ब्यूनोस आयर्सला गेला. त्या काळी इटलीतली गावंच्या गावं अशी उठून निघाली होती. तिथं गोदीत ओझी वाहिली, पत्र्याच्या घरात राहिला, आणि बोटींना लावून उरलेल्या रंगानं ते घर रंगवलं.

"म्हंजी तितंबी उरलंसुरलंच," देवूदादा म्हणाला. "आन् गावातलं घर?"

ते धाकट्या भावावर सोपवलं होतं. म्हातारा मरेपर्यंत पोरानातवंडांना सांगायचा, आपलं घर आहे तिकडं, समुद्राकडं तोंड असलेलं. ब्रूनो मागल्या वर्षी ते शोधत गेला. बोट सुटली त्याच साली भावानं ते विकून टाकलं होतं.

"सख्ख्या भावानं?" देवूदादा हळहळला. "आन् म्हाताऱ्याला कळलंच न्हाई?"

"नाही. कोणी कळवलंच नाही."

देवूदादाला फार वाईट वाटलं. "चल बाबा, आमचं घर आतनं बघ," तो ब्रूनोला म्हणाला. "तेवढंच तुझ्या पणज्याचं बघितल्यावानी हुईल."

किल्ली मात्र त्याच्याकडं कधीच नव्हती. त्यानं मामाला फोन लावला. देवूदादाला कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमीच स्पीकरवर.

"मामा, पिवळ्या घराची किल्ली कुटं हाय? परदेशी पाव्हणं आल्यात, बघायचं म्हन्त्यात."

"परदेशी?" मामा एकदम खुलला. "आरं मग दाव की! किल्ली मीटरच्या पेटीत हाय. किमतीचं मी बोलतो."

"किंमत? मामा, त्ये तर आमचं..."

"येडा का खुळा तू? जागा तुमची व्हती. घर कवाच माझ्या सुनंच्या नावावर झालंय."

"मग एवढी वर्सं सांगितलं न्हाई त्ये?"

"सांगितलं असतं तर तू झाडलं असतंस व्हय? दाव, दाव. गिऱ्हाईक सोडू नगं."

फोन बंद झाला. तो मामा समोर असता तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. ब्रूनो माझी बाही ओढून विचारत होता, काय झालं, काय म्हणाले?

देवूदादा पायरीवर बसला. मग उठला, मीटरच्या पेटीकडं बघितलंही नाही. तुळशीचा डबा उचलून काखेत धरला आणि अंगणातून खाली उतरला.

"त्येला सांगा साहेब," तो म्हणाला, "तुझा पणजा नशीबवान. त्येला कुणी सांगितलं न्हाई."