नुसतं 'अहो'

आमच्या गल्लीतल्या भाषांतरवाल्या बाई तोंडाने फटकळ. परवा त्यांच्याकडे शिंपीण आली, ती रडवेली होऊनच. नवऱ्याकडे परदेशी कायमचं राहायला जाण्यासाठी तिने अर्ज केला होता. त्यावर व्हिसाच्या ऑफिसने आणखी पुरावा मागितला: लग्न खरं असेल, तर जोडलेल्या पत्रांत नवऱ्याचं नाव एकदाही कसं नाही?

बाईंनी सदतीस पत्रं उलटून पाहिली. प्रत्येकाची सुरुवात तीच. "अहो, मफलर बांधता ना?" "अहो, दाढ दाखवलीत का?"

"नाव लिहायला हात झडला होता का गं?" बाई कडाडल्या.

"नावाने हाक? मला नाही बाई जमायचं."

बाईंनी कपाळावर हात मारला, चष्मा चढवला आणि भाषांतराखाली टीप टाइप केली: "बायकोने पत्राच्या सुरुवातीला नुसतं 'अहो' लिहिलं, पुढे नाव नाही, तर तो नवराच. हा शब्द हेच त्याचं नाव."

शिक्का मारताना त्या शिंपिणीला म्हणाल्या, "पोचलीस की रोज मोठ्याने म्हण. काही काम नसलं तरी म्हण. हे गेल्यापासून माझा तो शब्द तोंडातच पडून आहे."