कोकराची वेळ

ऊन कलू लागलं की आबा दिसेल त्याला हटकत. "भाऊ, संध्याकाळ झाली का? नाही? मग होईल केव्हा?" धुळ्यातली माणसं त्यांना चुकवायला गल्ली बदलत. मला ती सोय नव्हती. शहाऐंशी साली नोकरीसाठी धुळ्यात आलो, तेव्हा त्यांच्याच पुढच्या खोलीत राहत होतो.

आबा मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर. म्हातारपणी एका फाटक्या पुस्तकावरून हिब्रू शिकले आणि ख्रिस्ती शास्त्रातलं निर्गमाचं पुस्तक, म्हणजे इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले ती कथा, अहिराणीत उतरवायला बसले. अंथरुणाला खिळलेल्या अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पुस्तकी मराठी उमगत नसे. होईल तसं रोज वाचून दाखवायचे. पण बाराव्या अध्यायात, ज्याचं रक्त दाराला लावल्यानं ते लोक मरणातून वाचले, ते वल्हांडणाचं कोकरू केव्हा मारायचं, तिथे गाडी अडली. मुळात होतं, 'दोन संध्याकाळींच्या मध्ये'.

"हिब्रूतलं एरेव म्हणजे नुसती संध्याकाळ नव्हे," आबा येरझारा घालत म्हणत. "काही पंडित म्हणतात, त्यात उजेड-अंधाराची सरमिसळ आहे. आणि इथे तर दोन-दोन! ऊन कलल्यावर, की सूर्य बुडाल्यावर?" एका गुराख्यानं सांगितलं, "ढोरं घर उनात का सांज व्हयनी," म्हणजे गुरं घरी आली की सांज झाली. तेही लिहिलं, खोडलं. पक्की प्रत काढायचं काम माझ्याकडे. ते एक पान मी अकरा वेळा लिहिलं.

अक्का मात्र खचत चालल्या होत्या. मला हळूच विचारायच्या, "भाऊ, त्या लोके अजून मिसरमाच शेतस का?"

शेवटी मी पुण्यकर्म हाती घेतलं. मी फैजपूरचा, आमची बोली निराळी. पण वाक्यामागे 'शे' लावला की अहिराणी होते, अशी माझी समजूत. आबा दुधाला गेलेले पाहून मराठी पुस्तक उघडलं आणि वाचत सुटलो. कोकराची भानगड सरळ गाळली. दहा मिनिटांत अख्खं इस्राएल मिसरबाहेर!

अक्कांनी डोळे बारीक केले. "कोकरू कोठे गये? दारले रगत नही लावं, मंग त्या कशा सुटनात?"

मागे आबा उभे. मला वाटलं, आता बिछाना गुंडाळावा. ते एवढंच म्हणाले, "माझ्या एका शब्दापायी हिला चोरून ऐकावं लागलं." मग खाटेशी बसले आणि गावभर विचारलेला प्रश्न पहिल्यांदा घरात विचारला.

अक्कांना विचारही करावा लागला नाही. "ऊन भितवर चढस तठपाईन, तुमनं तोंड दिखत नही तठलगून. ती बठ्ठी सांज."

"ऊन भिंतीवर चढल्यापासून तोंड दिसेनासं होईपर्यंत..." आबा पुटपुटले. "दोन्ही टोकं आली की! लिहा, भाऊ."

मी लिहीत गेलो, ते वाचत गेले. कोकरू मारलं, चौकटीला रक्त लागलं, लोक लेकराबाळांसह निघाले. आबांना समुद्र गाठायची घाई. अक्कांनी हात वर केला.

"आते थांबा, मास्तर. पोरंसोरं संगे शेतस. थकनात व्हतीन त्या."

दोन दिवसांनी अक्का गेल्या. महिन्याभरानं मी शहाण्यासारखा कोरे कागद घेऊन गेलो, "आबा, पुढचा अध्याय?"

"बसू द्या हो त्यांना जरा," आबा म्हणाले.