एक नंबरची डीपी

आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात. दोन खांबांवर बसवलेला असतो म्हणून ‘डबल पोल’, त्याचं डीपी झालं, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. घरी येऊन मोठ्या उत्साहानं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “बरं झालं कळलं. आता जळली की तूच बग.”

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझं सगळं शिक्षण आप्पांच्या पिठाच्या गिरणीवर झालं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. गिरणी त्यांनी उभ्यानं चालवली आणि मी संगमनेरच्या कॉलेजात बसून शिकलो, याची जाणीव मला कायम असते. तिथे आम्हाला एक सर होते. ते म्हणायचे, “ट्रान्सफॉर्मरचे वेढे मोजा, बाकीचं आपोआप कळेल.” लोखंडी गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. पहिलीत तारांवरची अकरा हजार व्होल्टची वीज येते, दुसरीतून आपल्या घरची निघते. दोन्हींच्या वेढ्यांचं जे गुणोत्तर, तेच व्होल्टेजचं. एवढं साधं. हे ज्याला कळलं त्याला पुढे काही अडत नाही, असं सर सांगायचे आणि मी ते खरं मानून चाललो होतो. सर आमच्या गावात कधी आले नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमची जुनी डीपी जळाली आणि नवी आली. मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो. झालं ते आप्पांनी सांगितलं. सरपंचांनी डीपीला हार घातला, नारळ फोडला, भाषण केलं. वायरमन डीपीच्या टाकीवरच्या एका फिरवायच्या बटणाशी काहीतरी करत होता. त्या बटणाभोवती एक ते पाच आकडे होते आणि बाण तीनवर होता.

“हे तीन काय हाय?” सरपंचांनी विचारलं.

“नंबर हाय, सरपंच. मधोमध ठिवलाय.”

“अन् पलीकडच्या गावात?”

“तिथंबी तीनच.”

“मंग आपल्याला तीन कशापायी? आपलं गाव हाय एक नंबर. एकवर ठिवा!”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. वीज अजून सोडलेली नव्हती, वायरमनला जेवायला जायचं होतं. त्यानं बाण एकवर आणला. सरपंचांनी वीज सोडायचं बटण दाबलं, टाळ्या झाल्या, आणि गावातले दिवे जुन्या डीपीच्या काळी लागायचे त्याहूनही मंद लागले. उद्घाटनाला असं व्हायचंच, असं सगळ्यांनी धरलं.

मी सुट्टीला पोचलो तेव्हा गिरणीसमोर डब्यांची रांग दारापासून देवळापर्यंत होती. दिवाळीचा आठवडा म्हणजे चकलीच्या भाजणीचा आठवडा. आत मोटर घरघरत होती, पट्टा घसरत होता, जातं मध्येच दमल्यासारखं व्हायचं. आप्पा दर थोड्या वेळानं मोटरवर उलटा हात ठेवायचे. लहानपणी माझा ताप ते असाच बघायचे.

“लई तापतीय,” ते म्हणाले. “दिवाळीत जळली तर बाया मलाच दळतील.”

मी बाहेर जाऊन डीपी बघितली. बाण एकवर होता. मला फार आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकलेलं आणि माझ्या घराला हवं असलेलं एकाच ठिकाणी, माझ्या डोळ्यांसमोर, खांबावर लटकत होतं.

मी सरपंचांकडे, म्हणजे आमच्या तात्यांकडे गेलो. ते ओट्यावर चहा घेत होते, सोबत नेहमीचे चार जण.

“या इंजिनेर,” ते म्हणाले. “बगितली का आपली डीपी? एक नंबर!”

“तेच सांगायला आलोय, तात्या. एक नंबरवर अकरा हजाराच्या बाजूचे वेढे सगळ्यात जास्त असतात.”

“ऐका!” तात्या चौघांना म्हणाले. “सगळ्यात जास्त!”

“पण तिकडचे वेढे जास्त झाले की इकडची वीज कमी होते. आपलं गाव लाइनच्या शेवटाला, आधीच व्होल्टेज कमी, म्हणून तर गिरणीची मोटर तापते. पाचवर घेतलं तर तिकडचे वेढे कमी होतील आणि वीज वाढेल.”

चौघांपैकी एक म्हणाला, “म्हंजी आलेले वेढे परत द्यायचे?”

“परत नाही द्यायचे. ते आतच राहतात, फक्त वापरायचे नाहीत.”

“वापरायचे न्हाईत तर मागितले कशाला?”

मी ओट्यावरच्या धुळीत दोन गुंडाळ्या काढून दाखवल्या. तात्यांनी त्या शांतपणे बघितल्या आणि बशीतला चहा संपवून म्हणाले, “बाळा, तू शिकला, आमाला लई अभिमान हाय. पन फेट्याला वेढे जास्त तेवढा मान जास्त, हे आमी शाळंत न जाता शिकलो. पाच नंबर म्हंजी शेवटचा नंबर. उद्या पलीकडचा सरपंच हसंल, त्याला काय तुजं गनित दाखवू?”

मी धुळीतल्या गुंडाळ्या हातानं पुसल्या.

त्याच वेळी तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांची भाजणी गिरणीतून अर्धी दळलेली, कणीकणीची परत आली होती. तो डबा त्यांनी चहाच्या कपांमध्ये आणून ठेवला.

“या एक नंबरच्या चकल्या तुमीच पाडा,” त्या म्हणाल्या. “पावन्यांना सांगा, सरपंचाच्या घरी यंदा चकलीऐवजी वेढे हायेत.”

चौघांनी एकदम चपला शोधायला सुरुवात केली. तात्या डब्याकडे बघत राहिले. वीज हवी होती, ती आता त्यांनाही हवी होती. पण एकवरून पाचवर उतरायला त्यांना जिना नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर आप्पांचा मोटरवरचा हात होता. मोटर आणखी दोन दिवस टिकेल असं मला वाटत नव्हतं.

“तात्या,” मी म्हणालो, “आकडे कंपनीनं कुठल्या तरी एका बाजूनं टाकलेले असतात. दुसऱ्या बाजूनं मोजलं तर पाच आहे तोच एक येतो.”

“असं मोजता येतं?”

“का नाही? वरून मोजा नाहीतर खालून मोजा, वीज आकडा वाचत नाही.”

तात्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. गावात इतर कुठेच तो नव्हता. “आरं मंग वायरमन उलट्या बाजूनं मोजून बसला व्हय! बलवा त्याला!”

वायरमन आला. त्याला गावासमोर सांगण्यात आलं की एक नंबर कुठे असतो हेही त्याला कळत नाही. त्या बिचाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, पण तो नुसती मान हलवत राहिला. त्याला बहुधा पुन्हा जेवायलाच जायचं होतं. त्यानं वीज बंद केली आणि बाण पाचवर नेला. तात्यांनी लाल रंगाचा डबा मागवून पाचाच्या शेजारी ठळक ‘१’ रंगवून घेतला. मी हरकत घेणार होतो. पण एवढ्यात वीज आली आणि समोरच्या दुकानातला बल्ब पिवळ्याचा पांढरा झाला.

पाडव्याला ग्रामपंचायतीनं माझा सत्कार केला, शाल-नारळ दिला. मी खरंच भारावलो होतो; स्टेजवर नाव पुकारलं गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. तात्यांनी भाषणात वेढ्यांचं गुणोत्तर गावाला समजावून सांगितलं. “वेढे कमी केल्याबिगर वीज वाढत न्हाई,” ते म्हणाले. “म्हनून गावासाठी मी वेढ्यांचा त्याग केला.” टाळ्या खूप झाल्या. सरांनी ऐकलं असतं तर त्यांना दोष काढता आला नसता. गणित बरोबरच होतं.

पलीकडच्या गावानंही आता पाच नंबर मागितला आहे म्हणे. ते लाइनच्या सुरुवातीला आहेत, त्यांना आधीच भरपूर व्होल्टेज आहे, पाचवर गेले तर त्यांचे बल्ब उडतील. हे त्यांना सांगायला मी गेलो नाही. मला बोलावलं तर जाईन.

सत्कारावरून मी शाल पांघरूनच गिरणीत गेलो. रांग संपली होती, शेवटचा डबा काकूंचा होता. पट्टा सरळ धावत होता, भाजणी बारीक पडत होती. आप्पांनी शालीकडे बघितलं, मग मोटरवर उलटा हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.

“गार हाय,” ते म्हणाले. “शाल काढ, पीठ लागंल.”